गडगा

चार तास जीप चढत राहिली, तेव्हा कुठे
जैलाचं पठार आलं. वारा असा
की टोपी हातात धरूनच बोलावं.

मी आलो होतो रस्त्याची रेघ आखायला.
तिपाईवर यंत्र चढवलं, काचेला डोळा लावला,
आणि रेघेच्या बरोबर मध्ये
ती दगडांची कणगी,
माणसाच्या तिप्पट उंच.
भोवती तारेचं कुंपण, खात्याची पाटी:
हात लावू नये, असं तीन भाषांत.
मराठी त्यांत नव्हती,
म्हणून असेल, फाटक ढकलून
माझा हात गेलाच.

चुना नाही, माती नाही.
सांध्यावर दगड, फटीत ठोकलेली कपची.
हे मला येतं.
लांज्याला भिकाकाका गडगा रचायचा
तेव्हा कपच्या पुरवायचं काम माझं.
"सांध्यावर सांधा आला की गडगा पोटातून फुटतो,"
म्हणायचा, आणि तंबाखू मळत बसायचा.
इथेही कुणी कुणाला तरी
हेच सांगितलं असणार,
आणि तो पोरगाही कंटाळला असणार.

मुसब्बह राखणदार. पगार खात्याचा, शेळ्या स्वतःच्या.
थर्मासातून काहवा ओतत म्हणाला,
आत कोण होतं ते मला विचारू नकोस.
हाडंसुद्धा कुणी नेली, कधी नेली.
लहानपणी आम्ही म्हणायचो, जिन्नानं
एका रात्रीत बांधली.
मग मी स्वतः घर बांधलं, कंबर गेली,
तेव्हा पटलं, माणसानंच.

कुंपणाबाहेर एक दगड पडलेला.
वर, पूर्वेच्या अंगाला, त्याची जागा उघडी.
माझे हात शिवशिवले.
उचलला, फिरवून पाहिलं
तोंड कुठलं, बूड कुठलं.
मुसब्बहनं मान हलवली.
त्यालाही नंबर आहे.
खरंच, पोटावर पांढऱ्या रंगात: ११४.
पडलाय तसाच राहायला हवा.

ठेवला.

रेघ साठ मीटर दक्षिणेला वळवली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, अडथळा.
दुसरा शब्द फॉर्ममध्ये नव्हता.

निघताना पाहिलं,
तारेखालून एक शेळी आत शिरली,
त्या ठेंगण्या दारातून, सवयीनं,
आणि मागोमाग तिचं कालचं करडू,
नाळ अजून न वाळलेलं.

मुसब्बहनंही पाहिलं.
आणि पाठ करून
पेले विसळत राहिला.