चिपट्यातलं शेरात

बाणेर, चौथा मजला, रात्रीचे पावणेदोन.
गुलटेकडीच्या शीतगृहात
उणे अठराचे दोनशे अडतीस झालेत.
सेन्सर ओरडतोय, आत भट्टी आहे म्हणून.

कंपायलरला आकडा कळत नाही, माप कळतं:
पाव शब्द, अर्धा, पुरा, दुप्पट.
आणि वाण, पूर्णांक की दशांश.
आत तांदूळ की खडे, हे बघणं त्याचं काम नाही.

बाबा वजनमापे खात्यात होते.
भुसार बाजारातून जुनी मापं जप्त करायचे,
दंड लावायचे,
आणि घरी येऊन माझ्याकडून पाठ करून घ्यायचे:
दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं,
चिपटी दोन की मापटं, मापटी दोन की शेर.
एकदा विचारलं होतं मी,
चिपटं शेरात ओतलं, तर वरची जागा?
रिकामी, म्हणाले.

रिकामी म्हणजे शून्य.
आठ बिटांचं बत्तिसात ओतताना
तेच लिहून बसले मी.
पण उण्याची वरची जागा रिकामी नसते,
तिथं काठोकाठ एकच एक भरावे लागतात,
नाहीतर मोठ्या मापात गेल्यावर
उणं स्वतःला अधिक समजू लागतं.

एक शब्द बदलला.
सव्वादोनला पुन्हा उणे अठरा.
वाटाण्यांना काही कळलंही नाही.