एक बाही

लक्ष्मीपुरीत तासभर फिरलो.
घड्याळं, मग, उलटे टांगलेले सांताक्लॉज.
शेरॉनला कुरियरनं काय पाठवावं, कळेना.
दुकानदार म्हणाला, काका, बजेट सांगा.

बजेट.
सलोमी आत्याचं बजेट
म्हणजे दवाखान्यातल्या रात्रपाळीचे रिकामे तास.
एका नाताळला तिनं दिला तांबडा स्वेटर,
एकाच बाहीचा.
"दुसरी ईस्टरपतोर हुईल बघ."

तसाच घालून उपासनेला गेलो,
उघडा हात पाठीमागं लपवून.
यशायाचा थोरला फिदीफिदी हसला
आणि गीताचं दुसरं कडवं
मी पहिल्याच्या जागी म्हणालो.

मग दर रविवारी चर्च सुटलं की
आत्या पायरीवर गाठायची,
मनगट धरायची,
खांद्यापासून एक वीत, दोन विती, वर चार बोटं.
"वाढतोयस की रं लेका,
पुन्ना उसवाय लागतंय."
बोटांना डेटॉलचा वास.

बाही आली जूनमध्ये.
लोकर निराळी, जरा काळपट.
स्वेटर पुढं कुणाला दिला, आठवत नाही.
मनगट आठवतं.

दुकानातनं रिकामाच उतरलो.
चप्पल लाइनीत शिदूअण्णा रापी पुसून
आवरत होता.
त्याच्याकडनं एक कोरा खाकी कागद मागितला,
घडी घालून पाकिटात सारला,
वर पुण्याचा पत्ता.
तीन नाताळ झाले, ती आलेली नाही,
ते काही लिहिलं नाही.

एवढंच लिहिलं:
यावर पाय ठेव, कडेनं पेन्सिल फिरव.
पोस्टानं धाडू नकोस.
घेऊन ये.