चौतीस दात

राधिका रोडवरच्या दुकानात इलाही मुलाणीनं
सायकल आकड्याला टांगली,
मागचं चाक फिरवलं, कान लावला,
आणि विचारलं, "सर, हे पंचवीस दातांचं
किती वर्षं ओढताय?"
बावीस, मी म्हटलं.
"गुडघ्याला विचारलं होतं?"

नव्हतं विचारलं.
तेव्हा गुडघा हा शब्द पायात नव्हता, पुस्तकात होता.
समर्थ मंदिरापासून यवतेश्वर, चोवीस मिनिटं:
नोंद अजून आहे जुन्या जर्नलात,
पेन्सिलीनं, ओहमच्या नियमाखाली.

एकतीस वर्षं नववीला तरफ शिकवली.
बल कमी लावा, अंतर जास्त कापा,
याला यांत्रिक फायदा म्हणतात, लिहून घ्या.
मुलांनी लिहून घेतलं.
मी घाटात उभा राहून पॅडल मारत गेलो,
दातओठ खात.

आता दाढा दोन गेल्या, या वर्षीच.
आणि इलाही म्हणतो, चाकाला नऊ दात वाढवू.
भाकरीएवढी चकती, लांब पायाचा डिरेलर,
साखळी दोन कड्यांनी मोठी.
लाज वाटली, खोटं कशाला बोलू.
रविवारी पोरं आधी चकतीकडेच बघतात,
मग तोंडाकडे.

"योग्य गिअर कसा ओळखायचा, सांगू?"
हात पुसत तो म्हणाला,
"चढावर स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे.
अख्खं. गाव, तालुका, जिल्ह्यासकट.
मध्ये दम तुटला, तर गिअर दुसऱ्या कुणाचा आहे."

आज पहाटे निघालो.
पाय नुसते फिरतायत, जातं फिरावं तसे,
चाक मात्र पुढे सरकायला तयार नाही असं वाटतं.
दूधवाला गेला पुढे. एक कुत्रं गेलं.
मग ते निळ्या हेल्मेटचं पोरगं, मागून,
"काका, दमलात?"

गेल्या वर्षी मी फक्त हात हलवला असता.

तिसऱ्या वळणावर, कठड्यावरच्या वानराकडे बघत,
मी मोठ्यानं सुरू केलं:
मुरलीधर गणपत शेडगे,
मुक्काम पोस्ट आरळे,
तालुका सातारा

वानर शेपूट सोडून ऐकत होतं.
पोरगं कधीच दिसेनासं झालं होतं.

जिल्हा सातारा.

श्वास उरला होता थोडा.
पिनकोडही सांगून टाकला.