खडूची रेघ

दत्तनगरात, चिलवेरींच्या कारखान्यात,
आतल्या भिंतीवर मागांचे नंबर असायचे
आणि प्रत्येक नंबरापुढे खडूच्या रेघा.
मागाला हात लावायचा तर आधी एक रेघ ओढायची.
काम झालं की पुसायची. आपली. दुसऱ्याची नाही.
जॉबर असो, कांडीवाली अंबूबाई असो,
तेल घालणारा पोरगा असो.
रेघ असेपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.
हा कायदा नायनांचा. शिक्षण सातवी, तेही तेलुगू शाळेत.

मी त्यांचा धाकटा. रात्री दीडला
त्याच गल्लीत, वरच्या खोलीत
रस्टमध्ये ड्रायव्हर लिहीत बसतो.
टॉवेलच्या मागावर बसवायचा एक बोर्ड,
धागा तुटला की सांगणारा.
त्या बोर्डाचा पत्ता माझ्याकडे येतो,
आणि पत्त्याबरोबर एक आकडा:
किती जणांनी धरलंय.

परवा चालू मशीनमधून मी बोर्ड उपटला
आणि सगळंच कोसळलं.
तीन रात्री शोधलं.
सी भाषेतून आलेला तो पत्ता उसना होता,
बघून परत द्यायचा.
मी तो माझा म्हणून गुंडाळला,
आणि कंस मिटताना गुंडाळीने आपलं काम चोख केलं:
मी कधी ओढलीच नव्हती
ती रेघ पुसली.
आकडा शून्य. जागा मोकळी.
आणि तिथं अजून कुणीतरी
निर्धास्त हात घालून बसलेलं.

सकाळी नायनांना सांगितलं.
ते दाढी करत होते.
"दुसऱ्याची पुसलास होय," एवढंच म्हणाले,
आणि वस्तरा धुतला.

आता आधी रेघ, मग पत्ता.
क्लोन केला की नवी रेघ.
पुसणं माझ्या हातात ठेवलेलंच नाही,
विसरायला तिथं माणूस नाही.
सगळ्या ड्रायव्हरमध्ये एकच जागा उरली
जिथं अनसेफ लिहावं लागतं,
आणि तिच्या डोक्यावर, सेफ्टी म्हणून, कारण.
ते कारण कंपायलर वाचत नाही.
माणसं वाचतात.

पण चौदा नंबरचं सांगायचं राहिलं.

मंदीच्या साली मालकांनी चौदा नंबर भंगारात घातला.
टेम्पो आला, माग गेला,
भिंतीवर अंबादास गड्डमची रेघ तशीच.
तो भिवंडीला गेलेला, बहिणीच्या घरी, न सांगता.
चार महिने नायनांनी त्या जागेवर
साधी सुताची गोणीही ठेवू दिली नाही.
मालक चिडले. नायना म्हणाले, रेघ आहे की.

अंबादास आला तो सरळ पाना घेऊन आत.
फरशीत बोल्टची चार भोकं, मधे तेलाचा काळा डाग.
"माग कुठाय?"
"विकला."
"मग रेघ कशाला ठेवलाव?"
"रेघ होती म्हणून तुझी जागा ठेवलो बे.
माग हाय म्हणून कुठं म्हणलो?"

हे मला कुठल्या पुस्तकाने इतकं सरळ सांगितलं नव्हतं.
आकडा जागा राखतो. यंत्र राखत नाही.
बोर्ड कुणीही, कधीही उपटेल,
हातातला पत्ता खराच राहील
आणि पलीकडे चार भोकं असतील.
म्हणून आता प्रत्येक वेळी, वापरण्याआधी, विचारतो:
आहेस का?
हो म्हणाला तर तेवढ्यापुरतं धरतो.
नाही म्हणाला तर मागे फिरतो.

अंबादास थोडा वेळ उभा राहिला.
मग अंगठ्याला थुंकी लावून
आपली रेघ पुसली त्याने,
नीट, दोनदा.
दुसऱ्या दिवशी तिथं नवा माग उतरला.

आज बोर्ड चाळीस वेळा उपटून बघितला.
पडद्यावर चाळीस वेळा एकच ओळ: डिव्हाइस नाही.
बाकी सगळं चालू.
खाली अंबूबाईची सून कांड्या भरायला बसलीय,
पहिली पाळी लागली.
सेफ्टीपुढची एक ओळ माझी अजून कोरी आहे.
चहा घेतो, मग लिहितो.
खोटी नको.