सहावा पाटा

सावद्याच्या नाक्यावर इस्माईल पिंजारीनं
पिकपला सहावा पाटा चढवला.
गच्च केळी भरली, तरी बूड टेकेना गाडीचं;
फैजपूरच्या वळणावर
अंग न टाकता सरळ निघाली.

परतताना रिकामी.
खड्डा न् खड्डा थेट मणक्यात,
आणि त्याच वळणावर मागचं चाक
क्षणभर रस्ताच सोडतं.

"एक काढून टाक," म्हटलं.
तो हसला, "मंग भरल्यावर लोळंल ना ती.
माझा आजा कमानीनं कापूस पिंजायचा.
मऊ पाहिजे व्हतं, तर
त्याच्याकडं यायचं."

आता रिकाम्या फेरीला
मागे वाळूच्या चार गोण्या.
डिझेल जास्त जातं.
उषा विचारते, रिकामंच यायचं तर
ओझं कशाला?

मी पाणी पितो,
पाठ सरळ करून बघतो.