हात टेकणे

थोरलाकुर बावन्नाव्या वर्षी पोहणं शिकायला आला
तेव्हा नोव्हेंबर होता, गाव डोंगराच्या सावलीत गेलेलं.
उघड्या तलावातून वाफ निघत होती
आणि बर्फाचे कण पाण्याला लागायच्या आत विरत होते.
मी तिकीट-खिडकीत.
दहा वेळांचा पास स्वस्त पडतो, म्हटलं.
त्यानं एकाच वेळचं तिकीट घेतलं.
स्वतःला ओळखून होता.

गावही ओळखून होतं.
अकॉर्डियन : दोन गाणी, दुसरं अर्धं.
परसातलं काचघर : तीन भिंती,
त्यात आता शेजारची मांजर बाळंत होते.
सिगारेट सोडणं त्यानं किती वेळा सोडलं
याचा हिशेब दुकानातली सिग्नी ठेवते.
लग्नाचं मी बोलत नाही,
कारण दर मंगळवारी हाल्दोरा गरम कुंडात गळ्यापर्यंत बसलेली असते
आणि तिचे कान पाण्याच्या वर असतात.

माझ्या भाषेत अशांसाठी शब्दांना तोटा नाही.
कच खाल्ली, हाय खाल्ली,
काही ना काही खायला घालतोच आम्ही त्यांना.
नांगी टाकली म्हणावं, तर या बेटावर विंचू नाही.
नव्याचे नऊ दिवस म्हणावं,
तर या खोऱ्यात ऐन हिवाळ्यात नऊ दिवस आणायचे कुठून,
सूर्यच दोन महिने येत नाही.
आरंभशूर म्हणतो आम्ही, नाक मुरडून.
त्या शब्दात एक शूर राहून गेलाय,
कुणाचं लक्ष नाही.

त्याचा बाप म्हणायचा :
पोहता येणाऱ्याला बुडायला वेळ लागतो, बाकी फरक नाही.
या एका वाक्यावर त्यानं तीस वर्षं बोटीवर काढली.
मग आता का आलास, हे कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर
बहुतेक त्याच दिवशी त्यानं सोडलं असतं.

शिकवणारी सोलरून, मासळीच्या कारखान्यातली पाळी संपवून यायची,
बोटांना थंडीच्या भेगा.
शाबासकी द्यायची नाही, उपदेश तर नाहीच.
फक्त विचारायची,
आज कुठे सोडलंस?
चौथ्या फरशीशी.
निळ्या की पांढऱ्या?
निळ्या.
बरं.

जानेवारीनंतर सहा आठवडे आला नाही.
गाव म्हणालं, झालं.
मीही म्हटलं, माझ्या भाषेत, हलक्या आवाजात.
मार्चमध्ये आला. एक तिकीट.
चौथी फरशी त्याच्यासाठी थांबली नव्हती,
पुन्हा पायऱ्यांपासून,
पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात दम लागणं.

लवकर सोडणाऱ्यांनो,
तुम्हाला सांगायला मी चार शब्द जमवत होते,
पण खिडकीतून बघता बघता ते ओलसर होऊन गेले.
धरून ठेवणाऱ्यांना एक गोष्ट कधी कळत नाही :
सोडलेल्या गोष्टीकडे परत जाताना
रस्त्यात किती ओळखीचे लोक भेटतात,
आणि प्रत्येकाला नमस्कार करत जावं लागतं.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी
तो पाणी गिळत, कुत्र्यासारखे हात मारत,
मध्ये एकदा पूर्ण खाली जाऊन, खोकत,
ते सोळा मीटर ओलांडून पलीकडे गेला
आणि भिंतीला त्यानं हात टेकले.

हात टेकले.
माझ्या तोंडात शब्द आपसूक आला
आणि तिथेच अडला.
इतकी वर्षं हा शब्द मी
एकाच बाजूच्या भिंतीसाठी वापरत होते.

कुंडात हाल्दोरा काही बोलली नाही.
जराशी सरकली, एका माणसापुरती.
तो तिकडे गेला नाही. टॉवेल गुंडाळला, घरी गेला.

पुढच्या मंगळवारी आला नाही.
त्याच्या पुढच्या मंगळवारी,
ओल्या हातमोज्यातून सुटे पैसे मोजत,
एक तिकीट.