सोळाशे चाळीस ग्रॅम

आमच्या हुपरीत ग्रॅमला कुणी हसत नाही.
दुकानातला केरसुद्धा जाळून, गाळून
त्यातली चांदी काढतात.
मी लग्नाआधीपासून घुंगरं ओवते, किलोच्या मजुरीवर.
म्हणून सिस्टरनी आकडा सांगितला
तेव्हा तो मला तळहातावरच कळला :
सोळाशे चाळीस.
दोन डझन पैंजणांची थैली
आणि वर एखादी सुटी साखळी.

चौतिसावा आठवडा. सीपीआर.
ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी, बीपी वरचं एकशे सत्तर.
डॉक्टर सुकुमारशी बोलले ते फोनवर, तो फाटकाबाहेर.
"थांबलो तर दोघीही..." एवढंच.
सही त्यानं फाटकाच्या पत्र्यावर कागद धरून केली.
अजून त्या सहीत पत्र्याचे पन्हाळ दिसतात.

ती रडली का?
यंत्रंच एवढी रडत होती, की कळलं नाही.
हिरव्या कापडावरून कुणीतरी एक पाऊल दाखवलं,
वाळा अडकावा कुठं, असं.
मग काचेची पेटी, मग दार.

पाठीवर मार्करनं नाव लिहिलेली पांढरी माणसं यायची.
त्यातल्या मुजावर सिस्टर. त्यांचा चेहरा मला अजून माहीत नाही.
म्हणायच्या, दुधातनं काही जात नाही,
हात धुवा, मास्क लावा, पिळा.
वाटीत पाच मिली. कधी तीन.
वाटी तिच्याकडं जायची, मी खाटेवर.
तिचा स्वॅब निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह.
आपलं पहिलं भांडण तिथलं, असं तिला पुढं सांगेन.

शेजारच्या खाटेवर मुडशिंगीची वैजयंता.
तिचं बाळ आदल्या दिवशीच काढलेलं, तेही वर, पेटीत.
दम लागलेला, पण बोलायची घाई.
"ताई, वाळं किती ग्रॅमात बसत्यात वो?"
वीस धर, म्हटलं.
"घुंगरू पायजे. दोन-दोन."
मग चोवीस.
"चोवीस," ती म्हणाली, आणि मास्क परत नाकावर ओढला.
पहाटे तिची खाट धुतली.
फिनेलचा वास सुटला असणार.
मला आला नाही.

मला कशाचाच येत नव्हता.
सतराव्या दिवशी पोरीला माझ्या उघड्या छातीवर ठेवली,
अठराशे दहा, कातड्याला कातडं.
मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं.
कोऱ्या कागदावर टेकवावं तसं.
घरी आल्यावर आक्का म्हणाल्या,
"जावळाचा वास बघ की कसा गोड!"
मी हो म्हटलं.
आई झाल्यावरचं माझं पहिलं खोटं.

दर महिन्याला डॉक्टर बघतात :
मान धरते का, टाळीला वळते का.
वळते, मी सांगते.
"बघू पुढं," ते लिहितात.
ते 'बघू' आमच्या कुठल्याच काट्यावर बसत नाही.

चार महिन्यांनी रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासताना
नाकात एकदम आंबूस, कडवट काहीतरी घुसलं.
तशीच फेसाळ हातांनी पाळण्याकडं धावले.
टाळूला खोबरेल, पावडर, घाम, आमच्या भट्टीचा धूर.
चांगला वास होता.
पण तो नव्हता.
जो कधी आलाच नाही
तो हा नव्हे हे कसं कळलं, मला विचारू नका.

चोवीस ग्रॅमचा एक जोड करून ठेवला होता, दोन-दोन घुंगरांचा.
मुडशिंगीला दोनदा जाऊन आलो.
बाळ आजोळी नेलंय, म्हणाले.
आजोळ कुठलं, ते कुणी नीट सांगेना.
सुकुमार म्हणतो, आपल्याच पोरीला घाल.
तिचे वेगळे आहेत.

दर पाडव्याला तो जोड आटणीला जातो.
दोन ग्रॅम घालून पुन्हा वळवून घेते,
पाय वाढला असेल म्हणून.
यंदा बत्तीस भरले.